वाहत्या नाकामागचे कारण कसे ओळखावे

नाक वाहू लागले की प्रथम ताप आहे का आणि डोळ्यांना खाज सुटते का, हे पाहावे. ताप नसताना डोळ्यांना खाज सुटत असेल आणि सकाळी एकामागून एक शिंका येऊन पाण्यासारखा पातळ स्राव वाहत असेल, तर बहुधा ती ॲलर्जी असते. साधी सर्दी सहसा ७ ते १० दिवसांत ओसरते. शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणजे प्रतिजैविक (अँटिबायोटिक) हवेच, हा समज चुकीचा आहे. मात्र १० दिवसांनंतरही उतार नसेल, किंवा बरे वाटू लागल्यावर पुन्हा ताप येऊन गाल व कपाळ ठणकू लागले, तर सायनसचा (नाकाभोवतीच्या हाडांतील पोकळ्यांचा) जंतुसंसर्ग झाला आहे का, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त स्राव येत असल्यास आत मणी किंवा शेंगदाणा अडकलेला असू शकतो. तो घरी चिमट्याने काढू नये. धाप लागणे किंवा ओठ निळसर पडणे, यांत मात्र क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.