आधी दाणे मोजा, मग रेघा ओढा

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घराच्या ओसरीवर मी अकरावीच्या पोरांना केमिस्ट्री शिकवते. बहुतेक पोरं दहावीपर्यंत मराठी माध्यमातली. इलेक्ट्रॉन-ठिपका संरचना त्यांनी दहावीला काढलेली असते. पण अकरावीच्या इंग्रजी पुस्तकात तिलाच लुईस स्ट्रक्चर म्हणतात, आणि पोरं नवीन काहीतरी आलं म्हणून बिचकतात. नवीन काही नाही. अणू एकमेकांना कसे धरून बसलेत याचा तो हिशोब आहे.

पहिल्या दिवशी मी वह्या बंद करायला लावते आणि मधोमध ताटलीत तुरीचे दाणे ठेवते. एक दाणा म्हणजे एक संयुजा इलेक्ट्रॉन, म्हणजे अणूच्या सगळ्यात बाहेरच्या कवचातला. माझे वडील इतवारीत धान्याच्या दुकानात मुनीम होते. चार आण्यांचा फरक निघाला तरी ते रोकड पहिल्या ओळीपासून पुन्हा तपासत. पोरांनी तसंच करावं, असा माझा आग्रह असतो, कारण रचना चुकते ती बहुतेक वेळा मोजताना चुकते.

मोजायचं आवर्तसारणीवरून. पहिल्या दोन गणांत गणाचा आकडा तोच इलेक्ट्रॉनांचा आकडा. १३ ते १८ या गणांत फक्त एकक स्थानचा अंक घ्यायचा. म्हणून हायड्रोजनचा १, कार्बनचे ४, नायट्रोजनचे ५, ऑक्सिजनचे ६, क्लोरीनचे ७. हेलियम बसतो अठराव्या गणात, पण त्याच्याकडे दोनच. मधल्या धातूंना सध्या हात लावू नका.

पाण्यात दोन हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन, म्हणजे १ + १ + ६ = ८ दाणे. ऑक्सिजन मधे, दोन्ही बाजूंना हायड्रोजन. हायड्रोजन कधीच मधे बसत नाही, त्याला एकच बंध करता येतो. बाकीच्यांत ज्याची विद्युतऋणता, म्हणजे बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढायची ताकद, कमी, तो सहसा मधे. प्रत्येक बंध म्हणजे एक रेघ, तिला दोन दाणे, म्हणजे चार गेले. उरलेले चार ऑक्सिजनवर, दोन एकाकी (बंधात न गेलेल्या) जोड्या करून. बंधातले दाणे दोन्ही अणूंचे धरायचे, म्हणजे ऑक्सिजनभोवती आठ झाले, हायड्रोजनभोवती दोन-दोन. बहुतेक अणूंना आठच लागतात, त्यालाच अष्टक म्हणतात; हायड्रोजनला दोन पुरतात. जमलं. अमोनियातही आठच दाणे, तिथं नायट्रोजनवर एक जोडी उरते.

खरी परीक्षा कार्बन डायऑक्साइडची. ४ + ६ + ६ = १६. कार्बन मधे, दोन बंधांना चार दाणे, उरले बारा. ते आधी बाहेरच्या अणूंना द्यायचे, प्रत्येक ऑक्सिजनला सहा. ताटली रिकामी, आणि कार्बनभोवती फक्त चार! इथं दरवर्षी कुणीतरी म्हणतंच, "मॅडम, दाणे कमी पडून राह्यले न. अजून चार द्या."

एकही दाणा मिळणार नाही. सोळा म्हणजे सोळा. मग पोरं ताटलीकडे बघत बसतात, आणि मी गप्प राहते. पाच मिनिटं लागली तरी चालतात, उत्तर त्यांनीच शोधायचं. मग एखादीचं बोट हळूच पुढं येतं आणि ऑक्सिजनच्या डोक्यावरची एक जोडी कार्बन आणि ऑक्सिजनच्या मधे सरकवतं. दुसऱ्या बाजूलाही तसंच. मधले दाणे आता दोघांचेही मोजले जातात. कार्बनला आठ, दोन्ही ऑक्सिजनना आठ, एकूण सोळाच. दुहेरी बंध असा सापडतो. तो पाठ केलेला मला आवडत नाही.

एका मुलीने एकदा दोन्ही जोड्या एकाच ऑक्सिजनकडून सरकवल्या. एका बाजूला तिहेरी बंध, दुसऱ्या बाजूला एकेरी. अष्टकं सगळ्यांची पूर्ण! मग दोन्हींतली चांगली कोणती? त्यासाठी औपचारिक प्रभार काढा: अणूचे मूळचे संयुजा इलेक्ट्रॉन, वजा त्याच्यावरचे एकाकी, वजा त्याच्या बंधांची संख्या. तिच्या चित्रात तिहेरीवाला ऑक्सिजन ६ – २ – ३ = +१, एकेरीवाला ६ – ६ – १ = –१. दोन दुहेरी बंध काढले तर सगळे शून्य. शून्याच्या जवळची रचना घ्यायची.

हा नियम कार्बन मोनॉक्साइडवरही लावून बघा. ४ + ६ = १० दाण्यांत दोघांचं अष्टक भरायचं तर तिहेरी बंधच हवा, आणि दोघांवर एकेक जोडी. इथं कार्बनवर –१ आणि ऑक्सिजनवर +१ येतो. उलटं वाटतं, पण बरोबर आहे. डिसेंबरच्या थंडीत बंद खोलीत शेगडी पेटवू नका म्हणतो, तो हाच वायू. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट धरतो.

आयनांमध्ये, म्हणजे प्रभार असलेल्या अणू-रेणूंमध्ये, पोरं हमखास घसरतात. ऋण प्रभार असेल तर दाणे वाढवायचे, धन असेल तर कमी करायचे. इलेक्ट्रॉन स्वतः ऋण आहे, तो आला की वजा चिन्ह येतं. अमोनियम (एक नायट्रोजन, चार हायड्रोजन, प्रभार +१) ५ + ४ – १ = ८. कार्बोनेट (एक कार्बन, तीन ऑक्सिजन, प्रभार –२) ४ + १८ + २ = २४.

अष्टक सगळीकडे पाळलं जात नाही. बोरॉन ट्रायफ्लोराइडमध्ये बोरॉन सहावरच थांबतो. नायट्रिक ऑक्साइडचे दाणे अकरा, विषम, एक एकटा राहणारच. आणि या चित्रात आकार दिसत नाही. पाण्याचा रेणू सरळ रेषेत काढला तरी त्यातला कोन सुमारे १०४.५ अंशांचा असतो.

अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट लुईस यांनी इलेक्ट्रॉनांच्या जोडीतून बंध होतो हे १९१६ मध्ये मांडलं. पण १९०२ मध्येच, विद्यार्थ्यांना शिकवताना, त्यांनी घनाच्या आठ कोपऱ्यांवर इलेक्ट्रॉन मांडून बघितले होते. मला हे फार जवळचं वाटतं.

घरी हे करून आणा. फॉर्मल्डिहाइड, म्हणजे एक कार्बन, दोन हायड्रोजन, एक ऑक्सिजन: १२ दाणे. नायट्रोजन वायू: १०. नायट्रेट आयन (एक नायट्रोजन, तीन ऑक्सिजन, प्रभार –१): २४, आणि त्यातला दुहेरी बंध तिन्ही ऑक्सिजनपैकी कुठंही काढता येतो, म्हणून तिन्ही चित्रं काढा.