कात्री, कटर, पट्टी आणि इस्त्रीवरचा चिकटा कसा काढावा

कापताना कापड पात्यांत दुमडायला लागलं की धार गेली असं समजून कात्री धारवाल्याकडे दिली जाते. पुष्कळदा धार शाबूत असते. डबल टेप, स्टिकर, फ्युजिंग (इस्त्रीने कापडाला चिकटवायचं अस्तर) लावलेलं कापड कापून पात्यांच्या आतल्या बाजूला चिकट थर बसलेला असतो, आणि त्यात सुताचे तंतू अडकून तो जाड होत जातो. तेव्हा धार लावण्याआधी चिकटा काढा.

त्यासाठी आधी डिंक कोणता ते ओळखा, मग हत्यार कशाचं आहे ते पाहा, आणि नंतरच बाटली उघडा. सेलोटेप, मास्किंग टेप आणि किमतीच्या स्टिकरचा डिंक रबरासारखा ताणला जातो. तो तेलाने फुगतो आणि पकड सोडतो. फ्युजिंगचा आणि ग्लू गनचा डिंक म्हणजे वितळणारं प्लास्टिक. तो उष्णतेने मऊ होतो, तेल लावून फारसा उपयोग नाही. वाळलेला फेव्हिकॉल कोमट पाण्याने मऊ पडतो आणि मग खरवडता येतो. फेविक्विकला मात्र ॲसिटोन लागतं, आणि ते फक्त धातूवर वापरायचं. कात्रीच्या प्लास्टिकच्या मुठीवर ओघळलं तर मूठच विरघळू लागते.

कात्री आणि रोटरी कटर

कात्री पूर्ण उघडा. दोन्ही पात्यांच्या आतल्या बाजूला खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल बोटभर कापसाने लावा आणि १०–१५ मिनिटं तशीच राहू द्या. घासण्याची घाई इथेच नडते. तेल मुरल्याशिवाय चिकटा सुटत नाही, नुसता पसरतो. मग सुती चिंधीने पात्याच्या पाठीकडून धारेकडे पुसा. उलट दिशेने पुसलं तर चिंधी कापते आणि बोटही. तारेची घासणी लावू नका, तिचे ओरखडे धारेवर पडतात. स्क्रूजवळच्या खाचेत टूथपिकला कापूस गुंडाळून फिरवा, कारण सगळ्यात जुना थर तिथेच असतो. शेवटी स्पिरिटने तेल पुसून काढा. सॅनिटायझर चालणार नाही, त्यातलं ग्लिसरीन पुन्हा चिकट राहतं. स्क्रूवर तेलाचा एक थेंब सोडा आणि नव्या कापडाला हात लावण्याआधी आठ-दहा वेळा रद्दी चिंध्या कापा.

रोटरी कटर (गोल, फिरत्या पात्याचं कापड कापायचं हत्यार) खोलताना नट, वॉशर, पातं, बोल्ट हे ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने ओळीने मांडा. वॉशरची फुगीर बाजू कुठे होती ते बघून ठेवा. ती उलटी बसली तर पातं घट्ट होतं किंवा डुगडुगतं. पातं चिमट्यात धरून स्पिरिटने दोन्ही बाजूंनी पुसा, मध्यापासून कडेकडे. पात्यामागच्या प्लास्टिकवर साचलेली लव कोरड्या ब्रशने काढा. बसवताना तेलाचा एकच थेंब पुरे. हे करूनही कटर धागे सोडत असेल तर मोजून पाहा: ४५ मिमीच्या पात्याचा एक फेरा साधारण १४ सेंमीचा असतो. दर १४ सेंमीवर न कापलेला धागा राहत असेल तर पात्याला खाच पडली आहे, तिथे सफाईचा काही उपयोग नाही, पातं बदला.

ॲक्रिलिक पट्टी आणि मॅट

सर्वात जास्त नुकसान पट्टीचं होतं. नेलपॉलिश रिमूव्हर किंवा थिनरने ॲक्रिलिक धुरकट होतं आणि ते परत पारदर्शक होत नाही. स्पिरिटनेही कडेला बारीक चिरा पडू शकतात, शिवाय इंचांच्या छापील रेघा पुसट होतात. पट्टीवर म्हणून फक्त तेल. स्टिकरचा कागद पाण्याने भिजवून काढा, उरलेल्या डिंकावर खोबरेल तेल लावून १५ मिनिटं थांबा, मग बोटाच्या पेराने गोल फिरवा. डिंकाच्या गुठळ्या होऊन सुटतात. ब्लेडने किंवा नखाने खरवडू नका. नंतर भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब कोमट पाण्यात घालून पट्टी दोनदा धुवा. तेलाचा अंश राहिला तर पट्टी कापडावर घसरते आणि डागही पाडते.

मॅटवर (कटरने कापताना खाली ठेवायची चटई) तेल नको, ते चिरांमध्ये मुरून बसतं. टेपचा चिकटा पांढऱ्या खोडरबराने निघतो. बाकी साबणाचं गार पाणी पुरे. गरम पाणी आणि ऊन दोन्ही टाळा, मॅट वाकडी होते.

मशीनची सुई

फ्युजिंग केलेल्या तुकड्यांवर किंवा बेस्टिंग स्प्रेवर (कापडाचे थर तात्पुरते चिकटवायचा फवारा) शिवताना टाके सुटू लागले, दोरा पिंजू लागला, तर सुईवर डिंक चढला आहे. दोऱ्याचा फास नीट बनत नाही म्हणून खालच्या हुकाला तो पकडता येत नाही. मशीनचा प्लग काढा, स्पिरिटच्या कापसाने सुई वरून खाली पुसा. स्प्रे पूर्ण वाळू द्या, फ्युजिंग थंड होऊ द्या, वेग कमी ठेवा. वेगात शिवलं की घर्षणाने सुई तापते आणि डिंक पुन्हा मऊ होतो.

इस्त्री

इथे तेल आणि स्पिरिट बाहेर ठेवा, तापल्या इस्त्रीजवळ स्पिरिट पेट घेऊ शकतं. फ्युजिंगची ठिपके असलेली खरखरीत बाजू चुकून वर आली की डिंक तळाला लागतो. तो ताजा असतानाच काढावा, कारण जळून तपकिरी झाला की हट्टी होतो. इस्त्रीतलं पाणी ओता, वाफ बंद करा, खिडकी उघडा. मध्यम तापमानावर जुन्या सुती चादरीच्या चार घड्यांवर इस्त्री फिरवत राहा आणि डिंक लागलेली जागा सोडून सतत कोऱ्या जागी सरका. साध्या स्टीलच्या तळाला चादरीवर दोन चमचे जाडं मीठ पसरून घासता येतं. नॉनस्टिक तळाला मीठ चालत नाही, कोटिंग खरडतं. वाफेच्या भोकांतला डिंक इस्त्री निवल्यावर, प्लग काढून, टूथपिकने टोकरा. मग पाणी भरून एका ओल्या चिंधीवर वाफ सोडा, आणि शेवटी पांढऱ्या चिंधीवर एक फेरा मारा. पिवळट डाग उठला तर चादरीवर आणखी एकदा.