कुरणातला मॅलाकाइट भुंगेरा कसा पाहावा?

मऊ पंखांच्या फुलभुंगेऱ्यांशी ओळख करून घ्यायची, तर इंग्लंडमधला मॅलाकाइट भुंगेरा (शास्त्रीय नाव मॅलाकियस बायपुस्ट्युलेटस) फार सोयीचा. तिथे राहणाऱ्या मराठी मंडळींना तो घराजवळच्या कुरणातही भेटू शकतो.

वेळ आणि जागा: मे-जूनमधला उबदार, वारा पडलेला दिवस निवडा. कापलेली हिरवळ टाळा. कुंपणाच्या झुडपांलगतचे, तुरे आलेले उंच गवत शोधा. हा भुंगेरा पराग खायला फुलांवर येतो आणि गवताचे तुरेही त्याला चालतात. बारीक किडेही तो खातो.

ओळख: लांबी जेमतेम 5-6 मिलिमीटर, रंग चकाकता हिरवा आणि मिटलेल्या पंखांच्या टोकांना दोन लाल ठिपके. हे ठिपके आधी पाहा. तिथल्या फुलांवर एडेमेरा नोबिलिस नावाचा दुसरा हिरवा भुंगेराही असतो. त्याला ठिपके नसतात, मागे पंखांमध्ये फट दिसते आणि नराच्या मागच्या मांड्या फुगीर असतात.

निरीक्षण: जाळी घरीच ठेवा. पकडलेला भुंगेरा फक्त रंग दाखवतो, वागणूक नाही. तुऱ्यावर आपली सावली पडू न देता भिंग किंवा कॅमेऱ्याची क्लोज-अप लेन्स घेऊन थांबा. नराच्या स्पृशांच्या (डोक्यावरच्या मिशांच्या) बुडाशी पिवळसर उंचवटे दिसतील. त्यांतून स्राव येतो. प्रणयाच्या वेळी नर-मादी समोरासमोर येतात आणि मादी ते उंचवटे चावून तो स्राव चाखते. हे पाहायला मिळाले, तर बाकी काही नाही दिसले तरी चालेल, इतके ते विलक्षण आहे.

गवताची काडी हलकेच हलली, तरी कधी कधी त्याच्या अंगाच्या कडांतून लालसर पिशव्या फुगून बाहेर येतात. ही त्याची बचावाची तऱ्हा आहे. ती पाहण्यासाठी त्याला चिमटीत धरू नका.

अळ्यांसाठी: अळ्या शिकारी असतात, झाडांच्या सालीखाली, वाळलेल्या लाकडात राहतात. म्हणून बागेतले वाळके ओंडके काढून टाकू नका.

नोंद: पंख बहुतांशी लाल आणि मधे हिरवा पट्टा असेल, तर तो दुर्मीळ मॅलाकियस एनियस असू शकतो. लगेच फोटो काढा आणि तारीख-ठिकाणासह आयरेकॉर्ड या वन्यजीव-नोंदींच्या ब्रिटिश संकेतस्थळावर टाका.