गिरणी किती दिवस चालणार? प्रकल्प परवडतो का, हे कसं पाहावं

दोन महिन्यांपूर्वी औसा तालुक्यातली पाच पोरं माझ्याकडे आली. गटाची डाळ मिल टाकायची म्हणून प्रोजेक्ट रिपोर्ट हवा होता. सोबत यंत्रवाल्याचं कोटेशन आणि मोबाइलवर पाहिलेला नफ्याचा हिशेब. पहिलाच प्रश्न, "काका, किती वर्षांत पैसे फिटतील?" मी म्हणालो, "ते नंतर. गिरणी वर्षातून किती दिवस चालणार ते सांगा." पाचही जण एकमेकांकडे बघायला लागले.

मी मूळचा मेकॅनिकलवाला. साखर कारखान्यात अकरा वर्षं काढली आणि मग लातुरात कर्जाचे प्रोजेक्ट रिपोर्ट करायला बसलो. सुरुवातीच्या काळात मेव्हण्याच्या गिरणीचा रिपोर्ट मीच केला होता. त्यात ३०० दिवस धरले, कारण बँकेला आकडा गोड लागतो. गिरणी चालली ११० दिवस. मेव्हणा अजून बोलतो माझ्याशी, पण हिशेबाचा विषय निघाला की चहा थंड होतो. तेव्हापासून मी खर्चाचं पान नंतर उघडतो, दिवसांचं आधी.

दिवस काढायचे कसे? कोटेशनवर लिहिलं होतं, ताशी १० क्विंटल. आठ तासांचे ८० झाले. पण तुरीला तेल-पाणी देऊन वाळवावं लागतं, आभाळ आलं की वाळवण थांबतं, लाइट जाते, हमाल लग्नाला जातात. मी ६० क्विंटल धरतो. मग आडत्यांकडे जाऊन विचारायचं, गेल्या पाच वर्षांत आपल्या भागातली तूर कुठल्या महिन्यात किती आली. जानेवारीत आवक सुरू होते, पुढे ओसरते. त्यातली आपल्या गिरणीला मिळेल तेवढी तूर भागिले ६०, म्हणजे दिवस. कुणाच्या अंदाजावर जाऊ नका, पाच पावत्या बघा. पोरांनी ठोकून २०० सांगितले होते. पहिला हिशेब आपण त्यावरच मांडू.

त्याआधी एक मोठा खड्डा. तूर स्वतः विकत घेऊन डाळ विकायची म्हटली, तर ७,००० रुपये भावानं रोजच्या ६० क्विंटलला ४ लाख २० हजार लागतात. महिन्याचा माल भरून ठेवला की १ कोटी २६ लाख अडकले. डाळ वीस दिवसांच्या उधारीवर गेली की आणखी ८४ लाख. सगळी गिरणी ६० लाखांची आणि तिला खेळतं भांडवल दोन कोटींच्या वर! कोटेशनमध्ये हा आकडा कुठंच नसतो. म्हणून नव्या गटाला मी सांगतो, आधी दुसऱ्यांची तूर मजुरीवर भरडून द्या. मजुरी क्विंटलला २५० धरू. तुमच्या भागात काय चालते ते तुम्ही बघा. कळणा आणि टरफल कुणाचं, हे मात्र आधी ठरवून लिहून घ्या. भांडणं तिथंच होतात.

आता खर्च दोन ढिगांत वाटा. एक ढीग गिरणी चालली तरच लागणारा: हमाली, वापरलेली वीज, टरफल घासून काढणारे एमरी रोल, तेल. हा दिवसाला ५,००० धरला. दुसरा गिरणी बंद असली तरी लागणारा: व्यवस्थापकाचा पगार, विमा, कायमचे दोन कामगार आणि वीजबिलातला स्थिर आकार. हा वर्षाला ७ लाख. दिवसाची कमाई १५,०००, त्यातून ५,००० गेले, हाती १०,०००. म्हणजे वर्षाची शिल्लक काढायला दिवसांना दहा हजारांनी गुणायचं आणि सात लाख वजा करायचे. २०० दिवसांना १३ लाख. घसारा, म्हणजे यंत्राची दरवर्षी घटणारी किंमत, यात वजा करायचा नाही, तो खिशातून जात नाही. व्याजही नाही, ते पुढं व्याजदरात येतंच. आयकर सोपेपणासाठी बाजूला ठेवलाय.

६० लाख भागिले १३, म्हणजे साडेचार वर्षांच्या आसपास फेड. पोरं खूश. पण सातव्या वर्षी येणारे १३ लाख आजच्या १३ लाखांएवढे नसतात, हे व्याज भरणाऱ्याला सांगावं लागत नाही. १२ टक्के दर धरला तर दहा वर्षं दरवर्षी येणाऱ्या एका रुपयाची आजची किंमत ५ रुपये ६५ पैसे होते. १३ लाखांना ५.६५ नं गुणलं की ७३ लाख ४५ हजार. त्यातून ६० गेले, उरले साडेतेरा लाख. यालाच एनपीव्ही, म्हणजे निव्वळ आजची किंमत, म्हणतात. शून्याच्या वर म्हणजे परवडतं. उलटं पाहिलं, म्हणजे एनपीव्ही बरोबर शून्यावर येईल तो दर शोधला, तर हा प्रकल्प साधारण १७ टक्क्यांनी परतावा देतो, तो आयआरआर. बारा टक्के का? कर्ज ११ नं मिळतंय आणि आपला पैसा जोखमीत घालतोय, त्याहून कमी धरणं म्हणजे स्वतःला फसवणं. एक्सेलमध्ये करत असाल तर एक जपा. एनपीव्हीचं सूत्र पहिली रक्कमसुद्धा वर्षाच्या शेवटी आली असं समजतं. म्हणून आजचे ६० लाख सूत्राच्या आत टाकू नका, बाहेर वजा करा. चांगले चांगले लोक इथं चुकलेत.

आता दिवस हलवून बघा. १४० दिवस धरले तर शिल्लक ७ लाख, तिची आजची किंमत साडेएकोणचाळीस लाख, म्हणजे वीस लाखांचा तोटा. एनपीव्ही शून्यावर येतो तो बरोबरीचा आकडा १७६ दिवस. यंत्र दहा टक्के महागलं तरी एवढा फरक पडत नाही. आणि उत्पन्न दरवर्षी वाढवून कामगारांचा पगार मात्र तसाच ठेवणारे रिपोर्ट मी पाहिलेत. वाढवायचं तर दोन्ही बाजू वाढवा, नाहीतर दोन्ही आहेत तशा ठेवा.

मराठवाड्यात आणखी एक ओळ लागते, ती कोरड्या वर्षाची. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, ते विसरायचं कसं? त्याच्या आधीच्या पावसाळ्यात तुरीनं मार खाल्ला आणि तूरडाळ किलोला दोनशेच्या घरात गेली. लोकांना वाटलं, डाळवाल्यांची चांदी. मजुरीवर भरडून देणाऱ्याला भावाचं काय? त्याला क्विंटल लागतात. मी दहा वर्षांत दोन कोरडी वर्षं धरतो, ९० दिवसांची, तिसरं आणि सातवं. त्या वर्षी शिल्लक १३ ऐवजी २ लाख. साडेतेरा लाखांचा एनपीव्ही घसरून साठ-पासष्ट हजारांवर येतो. म्हणजे २०० दिवस खरे असले तरी हा प्रकल्प काठावरच उभा आहे. पोरांचा चेहरा तेव्हा पडला.

बँक वेगळं विचारते: हप्त्याच्या मानानं शिल्लक किती? ४२ लाखांचं कर्ज, ११ टक्के, सात वर्षं, वर्षाचा हप्ता सुमारे ८ लाख ९० हजार. चांगल्या वर्षी १३ भागिले ८.९, म्हणजे १.४६. बँकेचं समाधान. कोरड्या वर्षी ०.२२. तो जवळपास सात लाखांचा फरक कुठून भरणार, हे बँक विचारो न विचारो, तुम्ही ठरवून ठेवा. पहिल्या दोन वर्षांत ठेव करून ठेवली तर निभतं.

अनुदानाचं थोडक्यात. सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत वैयक्तिक उद्योगाला ३५ टक्के, कमाल १० लाख. कृषी पायाभूत निधीत २ कोटींपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत, कमाल सात वर्षं. योजना अजून चालू आहे का आणि आपण पात्र आहोत का, ते बँकेत आधी विचारा. पण आधी अनुदानाशिवाय हिशेब मांडा. अनुदान धरल्यावरच जमतंय असा प्रकल्प मी करू देत नाही.

पोरं तीन आठवड्यांनी परत आली, या वेळी पावत्या घेऊन. तुरीचे निघाले फक्त १२५ दिवस. मग आम्ही दोन गोष्टी बदलल्या. त्याच यंत्रावर हरभरा भरडायचा, त्याचे ६० दिवस. आणि १६ लाखांची शेड बांधायची नाही, गावाजवळचं पडीक गोदाम वर्षाला १ लाख २० हजारांनी भाड्यानं घ्यायचं. आता खर्च ४४ लाख, दिवस १८५, बंद असतानाचा खर्च ८ लाख २० हजार. शिल्लक १० लाख ३० हजार आणि एनपीव्ही सव्वाचौदा लाख. दोन कोरडी वर्षं घातली तरी तीन लाख वर राहतात.

"मग काका, सही करायची का गोदामाच्या करारावर?" त्यातला मोठा म्हणाला. करार वाचला तर पाच वर्षांचा होता. आपला हिशेब दहाचा. त्यांना तसंच मालकाकडे परत पाठवलंय, दहाचा करून आणा म्हणून.