पाणी शिळं होत नाही

२०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. तेव्हा आमच्या गल्लीत आठवड्यातून एकदा टँकर यायचा. घरात पाच माणसं, वाट्याला २०० लिटरचं एक टिपाड. त्या दिवसांत लागलेल्या सवयी मी अजून सोडलेल्या नाहीत. त्यातल्या कुठल्याही घरात जमतील अशा सांगते.

आधी शिळ्या पाण्याचं. नळ आले की कालचं पाणी मोरीत ओतायचं आणि हंडे ताजे भरायचे, हे सासूबाई करायच्या, मग मीही करू लागले. दोन हंडे, एक कळशी, म्हणजे चाळीसेक लिटर. अहो, धरणात तेच पाणी महिनोन्‌महिने साठलेलं असतं, मग आपल्या हंड्यात एका रात्रीत शिळं कसं होईल? हंडा घट्ट झाका, ओगराळ्याने पाणी काढा, हात बुडवू नका. दोन-तीन दिवस खुशाल प्या.

टिपाडाला मात्र एक पथ्य आहे. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास उडतात. अंडी आतल्या कडेला चिकटून राहतात, नुसतं पाणी बदलून जात नाहीत. म्हणून आठवड्यातून एकदा टिपाड घासून कोरडं करायचं. त्यासाठी भरलेलं पाणी ओतू नका. आम्ही नळ यायच्या आदल्या दिवशी कपडे धुवायला काढतो, टिपाड आपोआप तळाला जातं.

आता गळती. रात्री दहाला गळक्या नळाखाली पातेलं ठेवा, सकाळी सहाला मोजा. आमच्या न्हाणीतला नळ आठ तासांत चार लिटर गळत होता, म्हणजे दिवसाला बारा, वर्षाला चार हजारांवर. वॉशर बदलल्यावर थांबला. फ्लशची गळती कानाला ऐकू येत नाही. टाकीत खाण्याचा रंग टाका, अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर आतला झडपेचा रबर गेलाय. जुन्या मोठ्या टाकीत लिटरची भरलेली बाटली उभी केली की दर वेळी एक लिटर वाचतो. वीट नको, ती झिजते आणि तिचा चुरा झडपेत अडकतो.

भांड्यांचं गणित करून बघा. आमच्या नळाखाली १५ लिटरची बादली दोन मिनिटांत भरते. नळ सोडून दहा मिनिटं भांडी घासली तर ७५ लिटर गेले. मी खरकटं आधी पुसून काढते, मग दोन टबांत विसळते. पंधरा लिटरमध्ये पाच माणसांची भांडी होतात. दुसऱ्या टबातलं पाणी संध्याकाळी पहिल्या टबात.

आरओ असेल तर त्याची नळी बादलीत सोडा. पिण्याच्या पाण्यापेक्षा बाहेर टाकलेलं पाणी बहुधा जास्तच निघतं. ते क्षारांचं असतं, कपड्यांना फेस येत नाही, कुंड्यांना रोज घातलं तर माती पांढरी पडते. संडासात ओतायला, फरशी पुसायला ते वापरा. तुळशीला डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी घाला.