माजावर आलेल्या कुत्रीची देखभाल

घरातली कुत्री पहिल्यांदा माजावर आल्याचे बहुधा फरशीवरूनच कळते. सकाळी केर काढताना एखादा लालसर ठिपका दिसतो, कुणाच्या तरी पायाला लागले असेल असे समजून तो पुसला जातो, आणि दुपारी तिच्या गोधडीवर तसेच आणखी चार ठिपके दिसले की मग सगळ्यांच्या लक्षात येते. आमच्याकडे असेच झाले. आई म्हणाली, "हिला पाळी आली." शेजारच्या काकूंनी दिलासा दिला, "चार-पाच दिवसांत थांबेल हो." दोघींच्या बोलण्यात माया होती, पण 'पाळी' या शब्दाने आमचे पुढचे सगळे गणित चुकवले असते.

बाईच्या पाळीतले रक्त चक्राच्या शेवटी येते, म्हणजे गर्भ राहिला नाही म्हणून गर्भाशयाचे अस्तर गळून पडते. कुत्रीचे तसे नसते. तिच्या शरीरात इस्ट्रोजेन हे हॉर्मोन वाढू लागले की गर्भाशयाचे अस्तर फुगते, तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त झिरपते आणि तेच बाहेर दिसते, म्हणजे तिचे रक्त चक्राच्या सुरुवातीचे असते. हे रक्त फिकट होऊन थांबत आले की घरच्यांना सुटल्यासारखे वाटते, दारे पुन्हा उघडी राहू लागतात, आणि नेमके त्याच दिवसांत ती नराला जवळ येऊ देते व गर्भ राहण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. नको असलेली बहुतेक पिल्ले या गैरसमजातून होतात, असे माझे मत झाले आहे.

म्हणून पहिले काम म्हणजे पहिला ठिपका दिसला तो दिवस भिंतीवरच्या कालनिर्णयावर खूण करून ठेवणे. तिथून सरासरी नऊ दिवस रक्तस्रावाचे असतात. या दिवसांत योनिद्वार सुजते, ती ते सारखे चाटते, बाहेर नेल्यावर दर दहा पावलांवर थोडी थोडी लघवी करते. नर मागे लागतात, पण ती गुरगुरून किंवा खाली बसून त्यांना हुसकावते. त्यानंतरचे सरासरी नऊ दिवस खऱ्या माजाचे. स्राव फिकट गुलाबी किंवा वाळलेल्या गवताच्या रंगाचा होतो, सूज कठीण न राहता मऊ पडते, आणि शेपटीच्या मुळाशी हलकेच खाजवले तर ती शेपटी एका बाजूला वळवून स्थिर उभी राहते. मात्र सरासरीवर विसंबू नये. पहिला टप्पा तीन दिवसांत आटोपू शकतो किंवा सतरा दिवस लांबू शकतो, आणि दुसऱ्याची व्याप्ती तीनपासून एकवीस दिवसांपर्यंत असते. काही कुत्र्या स्वतःला इतक्या नीट चाटून ठेवतात की फरशीवर एकही ठिपका पडत नाही. अशा वेळी पांढऱ्या कापडाने किंवा टिश्यूने रोज एकदा टिपून पाहिले तरच स्रावाचा रंग कळतो. कोवळ्या वयात कधी कधी माज सुरू होऊन मध्येच थांबतो आणि काही आठवड्यांनी पुन्हा उसळतो. तसे झाल्यास मोजणी नव्याने सुरू करावी.

पहारा मात्र पूर्ण चार आठवडे ठेवावा. नराचे शुक्राणू कुत्रीच्या शरीरात पाच ते सात दिवस टिकतात, आणि तिचे स्त्रीबीज बाहेर पडल्यावरही पक्व व्हायला दोन-तीन दिवस घेते, त्यामुळे 'अजून वेळ आहे' किंवा 'आता वेळ गेली' असा अंदाज बांधून दिलेली सूट सहसा अंगलट येते. सूज पूर्ण उतरली आणि स्राव बंद होऊन आठवडा झाला, तरच पट्टा सैल करावा.

या चार आठवड्यांत तिला पट्ट्याशिवाय उंबऱ्याबाहेर सोडायचे नाही. एरवी हाक मारल्यावर धावत येणारी कुत्रीही माजाच्या भरात हाक ऐकत नाही. नुसत्या गळपट्ट्यातून मान मागे ओढून ती सहज निसटते, म्हणून छातीभोवती बसणारा हार्नेस वापरावा आणि त्याच्या जोडीला गळपट्टाही असू द्यावा. फिरवायच्या वेळा बदलाव्यात. भल्या पहाटे किंवा रात्री उशिरा, म्हणजे सोसायटीतले इतर कुत्रे खाली नसतात. तिच्या लघवीच्या वासाचा माग थेट आपल्या फाटकापर्यंत येतो, म्हणून घरी गाडी असेल तर तिला गाडीतून थोडे दूर नेऊन फिरवणे फायद्याचे ठरते. आवारातच करावी लागली तर त्या जागेवर लगेच बादलीभर पाणी ओतावे. फिरायला नेणाऱ्या मुलाला, कामाला येणाऱ्या मावशींना आणि वॉचमनला स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावे, कारण दार उघडे राहते ते बहुधा यांच्या किंवा कुरिअरवाल्याच्या येण्याजाण्याच्या क्षणी. आमच्याकडे अकराव्या दिवशी फरशी स्वच्छ दिसली म्हणून गच्चीचे दार लोटलेले राहिले, आणि जिन्याच्या वळणावर एक अनोळखी तांबडा कुत्रा अगदी शांतपणे बसलेला सापडला. चार मजले चढून तो केव्हा आला, हे कुणालाच कळले नव्हते. त्या दिवसापासून दाराला आतून कडी आणि कडीवर चिठ्ठी, अशी व्यवस्था झाली.

भाद्रपदात कुत्र्यांचा हंगाम असतो, हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. पावसाळा सरता सरता रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या टोळ्या जमू लागतात आणि हे सत्र थंडीपर्यंत चालते. घरात वाढलेली कुत्री मात्र महिना पाहत नाही. ती साधारण सहा-सात महिन्यांच्या अंतराने, वर्षाच्या कोणत्याही ऋतूत माजावर येते. पहिला माज सहा महिने ते वर्षभराच्या वयात येतो. पॉमेरेनियनसारख्या लहान जातींना लवकर, तर ग्रेट डेनसारख्या थोराड जातींना कधी दीड-दोन वर्षांनी. पण तिचा माज भाद्रपद-आश्विनात पडला तर फाटकाबाहेर पाच-सहा नर मुक्काम ठोकतात आणि आपापसांत भांडतात. त्यांना दगड किंवा काठीने मारू नये. त्याने ते जात नाहीत, बिथरून चावतात मात्र. पाण्याचा फवारा पुरतो. शिवाय हा काळ दिवाळीला लागून असतो, आणि माजावरची कुत्री फटाक्याच्या आवाजाने पळाली तर ती एकटी परत येण्याची आशा धरता येत नाही.

सोलापूर-लातूरकडे शेतावर कारवान किंवा पश्मी पाळणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही शिकारी अंगाची कुत्री असते. कमरेएवढ्या कुंपणावरून ती उडी मारून जाते आणि नरही तसाच आत येतो. तारेच्या जाळीतूनही संग झाल्याचे लोक सांगतात. तेव्हा तिला वस्तीवर उघड्यावर बांधून ठेवणे म्हणजे तिला नरांच्या स्वाधीन करणे होय. छप्पर असलेली बंद खोली हाच उपाय. आणि घरातच नर असेल तर भाऊ, बाप किंवा मुलगा असल्या नात्यांचा काहीही उपयोग नाही. दोघांमध्ये एक नव्हे, दोन बंद दारे असावीत; तेही जमत नसेल तर नराला महिनाभर नातेवाइकांकडे पाठवावे. नराची नसबंदी नुकतीच झाली असेल तर त्याच्या शरीरात उरलेले शुक्राणू काही आठवडे टिकतात, म्हणून त्याच्यावरही भरवसा ठेवू नये.

स्वच्छतेचे काम त्यामानाने सोपे आहे. बाजारात कुत्र्यांचे डायपर मिळतात. ते महाग वाटल्यास लहान मुलांच्या डायपरला शेपटीपुरते भोक पाडून वापरता येते. दर तीन-चार तासांनी तो बदलावा, शू-शीच्या वेळी काढावा आणि रात्री थोडा वेळ तिला मोकळे ठेवावे, कारण मुंबई-कोकणच्या दमट हवेत डायपरखालची कातडी दोन दिवसांत लाल होते. डायपर फरशीसाठी असतो, नर अडवण्यासाठी नव्हे. तो चढवून तिला बाहेर मोकळे सोडणे हा शुद्ध वेडेपणा आहे. मागचा भाग कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ कापडाने बाहेरून पुसावा. साबण, डेटॉल किंवा हळद आत जाऊ देऊ नये. तिच्यासाठी जुन्या सुती चादरींचे अंथरूण करावे आणि ते रोज धुवावे. फरशी पुसायला कडक फिनेल नको, कारण ती त्याच फरशीवर चालते आणि मग पंजे चाटते. थंड पाण्याने आधी डाग पुसून घ्यावा. गरम पाण्याने रक्ताचा डाग पक्का होतो.

खाणे कमी-जास्त होईल, एखादी कुत्री चिकटून बसेल तर एखादी पलंगाखाली जाईल. त्याचे फार मनावर घेऊ नये. ताजे पाणी, नेहमीचे अन्न आणि घरात थोडा खेळ एवढे पुरते. दोन दिवस काहीच खाल्ले नाही, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.

काही उपाय मुळीच करू नयेत. तिला दुखत असेल म्हणून आपल्या डब्यातली आयब्रुफेन किंवा पॅरासिटामॉल देऊ नये; कुत्र्यांना ही औषधे विषासारखी बाधू शकतात. वास झाकण्यासाठी शेपटीला कापूर-मेंथॉलचे मलम चोळण्याची सूचना नेहमी कुणीतरी करते. त्याने नर फसत नाही, आणि मलम चाटल्यावर कापूर पोटात जाऊन कुत्रीलाच त्रास होतो. माज पुढे ढकलणारे हॉर्मोनचे इंजेक्शन हा प्रकार सर्वांत धोक्याचा, कारण त्याने गर्भाशयात पू होण्याची शक्यता वाढते. सोय म्हणून ते कधीही मागू नये.

इतके करूनही संग झालाच, तर दोघे एकमेकांना अडकलेले दिसतील. नराच्या लिंगाच्या मुळाशी असलेली गाठ फुगल्याने हे घडते आणि पाच मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत, कधी त्याहूनही जास्त वेळ टिकते. ओढून किंवा मारून सोडवण्याचा प्रयत्न केल्यास दोघांनाही आतून इजा होते. तिच्याजवळ शांत बसावे, तिला पळू किंवा खाली लोळू देऊ नये आणि सुटल्यावर घरात न्यावे. मग तारीख लिहून एक-दोन दिवसांत पशुवैद्याकडे जावे. गर्भ राहिला की नाही हे सोनोग्राफीत साधारण चार आठवड्यांनी दिसते, पण पुढे काय करायचे हा निर्णय तोवर लांबवण्यासारखा नसतो. पहिला संग झाला म्हणून पहाराही उठवू नये. एकाच वेतातली पिल्ले दोन वेगळ्या नरांची असू शकतात. भटक्या नराशी संबंध आल्यास आणखी एक धोका असतो. टीव्हीटी नावाची कर्करोगाची गाठ संगातून आणि चाटण्यातून एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जाते. तिच्या पेशीच नव्या शरीरात रुजतात. आपल्याकडच्या भटक्या कुत्र्यांत ती बरीच आढळते. काही महिन्यांनीही योनीतून थेंब थेंब रक्त येत राहिले किंवा फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा मांसल गोळा दिसला, तर 'पुन्हा माज आला' असे समजू नये. आठवड्याच्या अंतराने दिलेल्या व्हिन्क्रिस्टिन या कर्करोगावरच्या औषधाच्या इंजेक्शनांनी ती गाठ बहुतेक वेळा बरी होते.

माज संपल्यानंतरचे दोन-अडीच महिने लोक विसरून जातात. गर्भ असो वा नसो, या काळात कुत्रीच्या शरीरात प्रोजेस्टेरॉन हे हॉर्मोन चढलेले राहते. त्यामुळे काहींना खोटा गर्भ होतो: साधारण सहा-आठ आठवड्यांनी आचळ भरतात, ती चपला आणि सॉफ्ट टॉय कोपऱ्यात गोळा करून राखत बसते. आचळ पिळू नयेत, शेकू नयेत. पिळल्याने दूध वाढते. ती बहुधा दोन-तीन आठवड्यांत आपोआप शांत होते. आचळ लाल, गरम किंवा दगडासारखे झाले तर मात्र डॉक्टर गाठावेत.

खरी भीती गर्भाशयात पू होण्याची, म्हणजे पायोमेट्राची. वाढलेल्या प्रोजेस्टेरॉनमुळे गर्भाशयाच्या अस्तरातल्या ग्रंथी सुजतात, तिथली प्रतिकारशक्ती मंदावते आणि विष्ठेतून आलेले जंतू तिथे वाढतात. मध्यम व उतार वयाच्या कुत्र्यांत, माजानंतर दोन ते आठ आठवड्यांत हा आजार जास्त दिसतो. ती अचानक भांडेच्या भांडे पाणी पिऊ लागते, वारंवार लघवी करते, खात नाही, ओकते, मलूल पडते; मागून तपकिरी किंवा पिवळसर, दुर्गंधीयुक्त स्राव येतो. गर्भाशयाचे तोंड बंद असेल तर स्राव अजिबात दिसत नाही आणि पोट फुगते. हा प्रकार अधिक घातक. येथे सकाळपर्यंत वाट पाहणे योग्य नाही. त्याच दिवशी सोनोग्राफी आणि बहुधा त्याच दिवशी शस्त्रक्रिया लागते.

नसबंदी करायची ठरली असेल तर ती माजात करू नये, कारण त्या वेळी गर्भाशयाकडे रक्ताचा ओघ जास्त असतो. आणि माज उतरल्यावर लगेचही नको, कारण शस्त्रक्रियेमुळे प्रोजेस्टेरॉन एकदम खाली आल्याने खोटा गर्भ लांबू शकतो. माज संपल्यावर दोन ते तीन महिन्यांनी, आचळ पूर्ण बसलेले असताना, ही शस्त्रक्रिया सुरक्षित ठरते. आमच्या कालनिर्णयावर जूनच्या पानावर लाल खूण होती; तिथून चार आठवडे सोडून पुढचे तीन महिने मोजले आणि ऑक्टोबरची तारीख घेतली, दिवाळीआधी टाके निघतील अशी.