अवजड वाहनाचा परवाना आणि ट्रकवरची पहिली नोकरी : कसे करावे

ड्रायव्हिंग स्कूलची गाडी जवळजवळ नेहमी रिकामी असते आणि नोकरीतली गाडी भरलेली. रिकामा दहाचाकी साधारण नऊ-दहा टनांचा, भरला की अठ्ठावीस टनांच्या घरात जातो. मग ब्रेक लागायचे अंतर, वळणावरचा झोक, घाटातला गिअर, सगळेच बदलते. परवाना हातात असूनही पहिल्या महिन्यात नोकरी सुटते ती बहुतेक वेळा इथेच. म्हणून शाळा निवडण्यापासून पहिला मालक निवडण्यापर्यंत एकच प्रश्न विचारत राहा: भरलेल्या गाडीवर हात बसायला यातून किती मदत होईल?

१. आधी पात्रता बघा

वयाची २० वर्षे पूर्ण हवीत आणि हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष जुना हवा. त्याआधी ट्रान्सपोर्ट वर्गाचे (माल किंवा प्रवासी वाहतुकीच्या वाहनांचे) शिकाऊ लायसन्स मिळत नाही. आठवी पासची अट २०१९ मध्ये काढली गेली. तरी बिल्टी (मालाची पावती), ई-वे बिल (जीएसटीखाली मालासोबत लागणारा ऑनलाइन कागद) आणि रस्त्यावरचे फलक वाचता आलेच पाहिजेत, मालक ते पहिल्याच दिवशी तपासतात. डॉक्टरांचे प्रमाणपत्र नमुना १-अ मध्ये लागते. त्याच्या आधी डोळे स्वतःहून तपासून घ्या. चष्मा लागत असेल तर आत्ताच लावा, कारण रात्री समोरच्या दिव्यांत कमी दिसणे ही या कामातली खरी अडचण आहे.

ते एक वर्ष वाया घालवू नका. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की हलक्या वाहनाच्या परवान्यावर ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचे मालवाहू वाहन वेगळ्या नोंदीशिवाय चालवता येते. म्हणजे विशी पूर्ण झाली असेल तर छोटा हत्ती किंवा पिकअपवर काम करता येते. माल बांधणे, ताडपत्री ओढणे, बाजार समितीत पहाटे गाडी लावणे, गल्लीत रिव्हर्स घेणे हे सगळे तिथे शिकायला मिळते, शिवाय पगारही मिळतो.

२. शाळा निवडताना

नियमाप्रमाणे ट्रान्सपोर्ट वाहनाचे प्रशिक्षण किमान ३० दिवसांचे, आणि त्यात प्रत्यक्ष स्टिअरिंगवर किमान १५ तास. सरासरी रोज अर्धा तास. तो अर्धा तास तुमचाच असला पाहिजे. एका गाडीत चौघे बसवून तासभर फिरवले, तर तुमच्या वाट्याला पंधरा मिनिटे येतात. पैसे भरण्याआधी हे विचारून घ्या:

– शाळेकडे अवजड वाहन शिकवण्याची परवानगी आहे का? मूळ कागद बघा.
– ट्रकला प्रशिक्षकाच्या बाजूने दुहेरी ब्रेक-क्लच आहे का?
– चढ, घाट किंवा रात्रीचा सराव देतात का?
– थोडे तरी वजन भरून गाडी चालवायला मिळेल का?

शेवटच्या प्रश्नाला "हो" म्हणणारी शाळा दोन-तीन हजारांनी महाग असली तरी तीच घ्या.

नमुना ५ चे प्रमाणपत्र शाळेकडूनच मिळते आणि त्याशिवाय ट्रान्सपोर्टची चाचणी होत नाही. न शिकता हे प्रमाणपत्र "करून देणारे" एजंट भेटतील. त्यांच्यापासून लांब राहा. ट्रायलच्या दिवशी कागद गाडी चालवत नाही. दुसरा मार्ग मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्राचा. तिथे मध्यम आणि अवजड वाहनांचा अभ्यासक्रम ६ आठवड्यांत ३८ तासांचा असतो आणि तो पूर्ण करणाऱ्याला आरटीओची वेगळी चाचणी द्यावी लागत नाही. जवळ असे केंद्र असेल तर पहिली पसंती त्यालाच द्या.

३. शाळेत काय पक्के करायचे

हवा. मोठ्या ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात. गाडी सुरू केल्यावर मीटरमध्ये हवा पूर्ण भरेपर्यंत हलायचे नाही. मग इंजिन बंद करून ब्रेक दाबून धरा आणि काटा बघा. तो सरकत राहिला तर कुठेतरी गळती आहे. हवा फार कमी झाली की मागचे स्प्रिंग ब्रेक आपोआप लागतात आणि गाडी भर रस्त्यात जागेवर अडकते.

उतार. ज्या गिअरमध्ये भरलेली गाडी घाट चढेल, त्याच किंवा त्याहून एक खालच्या गिअरमध्ये उतरायचे, आणि तो गिअर उतार सुरू होण्याआधी टाकायचा. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग कमी करणारा) वापरा, पायाचा ब्रेक थोडा-थोडा. सतत दाबून ठेवला तर ड्रम आणि लायनर तापतात, पकड जाते, पुढे कितीही दाबा. न्यूट्रल करून उतरणे डिझेल वाचवते, हा समज तर जीवघेणा आणि चुकीचा दोन्ही आहे. आजच्या इलेक्ट्रॉनिक इंजिनात गिअरमध्ये रेस सोडली की डिझेलचा पुरवठा थांबतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहते.

डावे वळण. मागची चाके पुढच्या चाकांच्या आतून जातात, आणि डावीकडे केबिनच्या खाली दुचाकी दिसतच नाही. वळण्याआधी डावा आरसा दोनदा बघायची सवय शाळेतच लावा.

रिव्हर्स दोन्ही आरशांवर शिका. मागे माणूस उभा केलात, तर तो आरशात दिसेनासा होताच गाडी थांबवायची.

बीएस-६ (नव्या प्रदूषण मानकाच्या) गाडीला डिझेलसोबत युरिया, म्हणजे धूर स्वच्छ करणारा डीईएफ द्रव, लागतो. तो संपला की इंजिनाची ताकद कमी होते. त्याच्या टाकीत चुकून डिझेल गेले तर गाडी सुरू करू नका. दुरुस्तीचा खर्च मोठा येतो.

४. चाचणी

अर्ज सरकारच्या 'सारथी' पोर्टलवर होतो. शिकाऊ लायसन्स ६ महिने चालते आणि पक्क्या चाचणीआधी ३० दिवस जावे लागतात. चाचणीत चढावर थांबून गाडी मागे न सरकवता पुढे काढणे आणि मर्यादित जागेत रिव्हर्स घेणे, या दोन गोष्टींत लोक अडकतात. ट्रान्सपोर्ट परवाना ५ वर्षांचा असतो. नूतनीकरणाची तारीख मोबाइलमध्ये टाकून ठेवा.

५. पहिली नोकरी

मोठ्या ताफ्याच्या कंपन्या सहसा दोन-तीन वर्षांचा अनुभव मागतात. म्हणून सुरुवात जवळच्या फेऱ्यांपासून करा: वाळू-खडीचा डंपर, दुधाचा किंवा पाण्याचा टँकर, एमआयडीसीतला माल, बाजार समितीची भाजी. त्याहूनही चांगले म्हणजे लांबच्या गाडीवर जुन्या ड्रायव्हरसोबत सहचालक म्हणून जाणे. पगार कमी असेल, पण बोरघाट, कसारा घाट भरलेल्या गाडीने कसे उतरायचे हे शेजारी बसूनच कळते. काम शोधायला कळंबोली, भिवंडी, चाकण इथल्या ट्रान्सपोर्ट ऑफिसांत सकाळी स्वतः जा, परवान्याची प्रत सोबत ठेवा.

गाडी ताब्यात घेण्याआधी मालकाशी पुढील गोष्टी स्पष्ट करा आणि निदान व्हॉट्सॲपवर लिहून घ्या: महिन्याचा पगार किती, खेपेचा भत्ता किती, पीएफ-ईएसआय आहे का, उतरवताना माल कमी निघाला किंवा डिझेलचे ॲव्हरेज घसरले तर कोणाच्या खिशातून, चलन कोणाचे. मूळ परवाना मालकाकडे ठेवायला देऊ नका. डिजिलॉकरमधली प्रतही रस्त्यावर चालते, पण मूळ कार्ड तुमच्याजवळच असावे.

ओव्हरलोडला सरळ नकार द्या. दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये, आणि कायदा तो चालवणाऱ्यालाही लावतो. ई-वे बिलाची मुदत साधारण २०० किलोमीटरला एक दिवस अशी असते. गाडी बिघडली तर मुदत संपण्याच्या ८ तास आधीपासून ८ तास नंतरपर्यंत ती वाढवता येते, म्हणून ऑफिसला वेळेत कळवा. माल पोचवायच्या घाईने रात्र जागून काढू नका. मोटार वाहतूक कामगार कायदा सलग ५ तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती देत होता; नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. तेवढी विश्रांती मागायला आजही कचरू नका.

चाक बदलले की ५० ते १०० किलोमीटरवर थांबून नट पुन्हा आवळा. नवे लोक हे विसरतात आणि चाक निसटते.

अपघात झाला तर जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे ही मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे चालकाची जबाबदारी आहे. जमाव अंगावर येत असेल तर तिथे थांबण्याची सक्ती नाही, पण गाडी सोडून गायब होऊ नका: लगेच १०८ आणि ११२ वर कळवा आणि जवळचे पोलीस ठाणे गाठा. तिथे माहिती देण्याची कमाल मुदत २४ तासांची आहे. विमा कंपनीलाही कळवावे लागते, म्हणून पॉलिसीचा फोटो पहिल्याच दिवशी आपल्या मोबाइलमध्ये घेऊन ठेवा.